पेटीतले हापूस पाण्यात टाकले, काही बुडाले, काही तरंगले. असं का?

सानिकाची_आई

नमस्कार मंडळी. गावाहून काकांनी दोन डझनाची पेटी पाठवलीये, अजून हिरवीच आहेत फळं, परवाच झाडावरून काढलेली. सासूबाईंनी पेटी उघडल्या उघडल्या बादलीभर पाणी मागितलं आणि एकेक आंबा त्यात सोडला. सतरा तळाशी गेले, सहा वर तरंगत राहिले आणि एक मधेच अडकला, म्हणजे ना वर ना खाली, पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम डोकं लावून उभा. सासूबाई म्हणाल्या तरंगणारे कोवळे, ते वेगळे ठेव. मी म्हटलं सगळे एकाच झाडाचे, दिसायला सारखे, वजनालाही साधारण सारखेच, मग असं कसं?

लेक सहावीत आहे, तिने पेनने सगळ्या आंब्यांवर नंबर घातलेत (मधेच अडकलेला तो ५ नंबर) आणि त्यानंतर घरातली दिसेल ती वस्तू बादलीत जातेय. एवढा मोठा नारळ तरंगतो आणि एवढासा चिंचोका बुडतो, स्टीलची वाटी तरंगते आणि त्याच स्टीलचा चमचा बुडतो. 'जड ते बुडतं' असं मी सांगून बसले होते, ते आता अजिबात टिकत नाहीये. तिला नीट पटेल असं कसं सांगू? आणि हो, त्या सात आंब्यांचं काय करू?

पावसचा_बागवाला

सासूबाईंचं बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे हापूस चौदा आणे तयार झाला की काढतात. सोळा आणे झाला तर झाडावरच पिकायला लागतो आणि लांब पाठवता येत नाही, बारा आण्याचा काढला तर पिकतो कसातरी पण चव नाही. आता चौदा आणे कसे ओळखायचे? जुनी माणसं देठाजवळचे खांदे भरलेत का बघतात, रंग बघतात, आणि शंका असेल तर पाण्यात सोडतात. कोवळ्या फळात गर भरलेला नसतो. तयार होताना गरात पिष्ट भरत जातं, बाठा कडक होतो, तेवढ्याच आकारात जास्त माल बसतो. तयार हापूसचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट दाट ते) १.०१ ते १.०२ च्या आसपास धरतात, पाण्याचं १. म्हणजे फरक किती बारीक बघा, पाव किलोचा आंबा पाण्यात गेला की त्याचं उरलेलं वजन अडीच ते पाच ग्रॅम. म्हणून तर तो दगडासारखा धपकन जात नाही, हळूहळू तळाला टेकतो.

ही परीक्षा काढल्या काढल्याच करायची. पिकत आलेल्या आंब्यावर करून काही कळत नाही. आणि साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष) पाण्यातून कळेलच असं नाही, तो आंबा कापल्यावरच कळतो, त्याची हमी मागू नका. तरंगलेले वेगळ्या गवतात ठेवा, घाई करू नका. ५ नंबरवर माझा विश्वास आहे.

नागपूरकर_भाऊ

आमच्या संत्र्याचं पण करून बघा ना ताई. सालीसकट टाकलं तर मस्त तरंगते. सोलून फोडी सुट्या करून टाका, बहुतेक फोडी तळाला जातात. साल काढली म्हणजे वजन कमीच झालं ना, तरी बुडलं! आमच्या संत्र्याची साल सैल असते, आतमधी हवा असते, ते त्याचं लाइफ जॅकेटच आहे. पोरीला हे दाखवा, 'जड ते बुडतं' एका मिनिटात निकालात निघते.

चकली_भाजणी

भाऊ +१, आत्ता लिंबावर करून बघायला उठले.

निवृत्त_मास्तर_सातारा

सानिकाच्या आई, छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि हा धडा मी कधीच फळ्यावर सुरू केला नाही, बादलीनंच सुरू केला. तुमच्याकडं बादली आहेच, तेव्हा अर्धं काम झालंय.

तिला आधी एक करायला सांगा. रिकामा प्लास्टिकचा डबा झाकण घट्ट लावून बादलीत हातानं खाली दाबायचा. पाणी हाताला वर ढकलतंय हे तिला मनगटात जाणवलं पाहिजे. जितका जास्त दाबावा तितकं जास्त ढकलतं, डबा पुरता आत गेला की मात्र ढकलणं वाढायचं थांबतं. हे का होतं, तर डब्यानं जेवढी जागा घेतली तेवढं पाणी तिथून उठलं, आणि त्या उठलेल्या पाण्याचं जेवढं वजन तेवढ्याच जोरानं पाणी डब्याला वर ढकलतं. आर्किमिडीजनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं ते एवढंच.

आता वाटी. समजा वाटी शंभर ग्रॅमची आहे. ती पाण्यावर ठेवली की थोडी खाली जाते, बरोबर शंभर ग्रॅम पाणी बाजूला सरेपर्यंत, आणि मग थांबते. तिच्या पोटात हवा आहे म्हणून तिला शंभर ग्रॅम पाणी बाजूला सारता येतं, तेही पुरती न बुडता. चमच्याला पोट नाही. स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट दाट, त्यामुळं चमचा पुरता बुडाला तरी आपल्या वजनाच्या आठव्या हिश्श्याएवढंच पाणी हलवतो. पाणी त्याला ढकलतंच, पण ते पुरत नाही.

म्हणून तिला प्रश्न बदलून द्या. 'ही वस्तू किती जड आहे' हे विचारायचं नाही. 'हिच्याएवढीच जागा पाण्यानं भरली तर ते पाणी हिच्यापेक्षा जड की हलकं' हे विचारायचं. नारळाएवढं पाणी नारळापेक्षा जड, म्हणून नारळ वर. चिंचोक्याएवढं पाणी चिंचोक्यापेक्षा हलकं, म्हणून चिंचोका खाली. मुलांना हे तोंडी पटत नाही, दोन-चार वस्तू आधी अंदाज सांगून मग टाकायच्या, अंदाज चुकला की डोळे मोठे होतात आणि तिथंच शिकणं होतं.

बुडबुड घागरीची गोष्ट सांगितली असेलच लहानपणी. घागरीत बसवून पाण्यात सोडायचं आणि ज्यानं खीर खाल्ली त्याची घागर बुडायची. गोष्ट सांगून झाल्यावर मी वर्गात खरी कळशी पाण्यात सोडायचो. रिकामी कळशी तरंगते, तिरकी केली की बुडबुड आवाज करत पाणी आत शिरतं, हवा बाहेर येते आणि कळशी खाली. तांबं तेच, कळशी तीच, फक्त पोटातली हवा गेली.

अॅल्युमिनियम_फॉइल

मास्तर, आयडीला साजेसा प्रयोग सांगतो. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे दोन सारखे तुकडे घ्यायचे. एकाची होडी करायची, तरंगते. दुसरा चुरगाळून गोळा करायचा आणि टाकायचा, बहुतेक वेळा तोही तरंगतो, कारण घड्यांमध्ये हवा आहे. मग तो गोळा बत्त्याने चांगला ठेचायचा, पूर्ण चपटा. आता बुडतो. माझ्या मुलाला हे इतकं आवडलं की घरातला अख्खा रोल संपला.

मावळातला_भात

आंब्याची परीक्षा साध्या पाण्यात होते तशी आमच्या भाताच्या बियाण्याची मिठाच्या पाण्यात होते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं आणि हाताने ढवळायचं. पोचट, अर्धवट भरलेलं, किडकं बी वर येतं, ते चाळणीने काढून टाकायचं. तळाचं बी काढून साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवायचं (हे विसरायचं नाही, मीठ राहिलं तर उगवणीला त्रास), सावलीत सुकवायचं, मग बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं).

माझे वडील आधी साधंच पाणी वापरायचे. मिठाचं करायला लागलो त्या पहिल्या वर्षी वर आलेला थर बघून ते म्हणाले एवढं बी टाकून द्यायचं? आम्ही वरचं आणि तळाचं मूठमूठभर वेगळ्या वाफ्यात टाकलं. वरच्याची रोपं विरळ आणि पिवळट, तळाच्याची एकसारखी. त्या दिवसापासून मीठ आणायला तेच जातात.

अमोल_प

माफ करा पण हे समजलं नाही. मीठ घातलं की बी हलकं होतं का? मीठ त्यात शिरतं का? की मीठ ढकलतं?

मावळातला_भात

बी आहे तेवढंच राहतं दादा. पाणी दाट होतं. तेवढ्याच जागेतलं पाणी आता जास्त वजनाचं, म्हणून ते जास्त जोराने वर ढकलतं. जे बी साध्या पाण्यात जेमतेम बुडत होतं ते आता वर येतं. पूर्ण भरलेलं बी तरीही खालीच.

चकली_भाजणी

अमोल, अंड्यावर करून बघ, समोर दिसतं. ताजं अंडं साध्या पाण्यात आडवं तळाशी बसतं. आता मीठ घालत जा, चमच्या-चमच्याने, ढवळत. एक लिटरला साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम गेलं की तेच अंडं उठून वर येतं. मग वरून हळूच साधं पाणी ओतलंस तर ते मधोमध लोंबकळतं, वर साधं खाली खारट. आमच्या मुलांच्या पार्टीत मी हे दाखवलं तर केकपेक्षा जास्त गर्दी या भांड्याभोवती होती.

मावळ दादा, तमिळनाडूकडे बियाण्याच्या पाण्यात अंडं तरंगेपर्यंत मीठ घालतात म्हणे, म्हणजे अंडं हेच त्यांचं मोजमाप.

लिंबू सोलून बुडालं बरं का भाऊ!

स्मिता_ठाणे

अंड्याचा विषय निघालाच आहे तर: जुनं अंडं साध्या पाण्यात तरंगतं आणि तरंगलं की फेकून द्यायचं, हे आमच्या घरात कायद्यासारखं आहे.

डॉक्टर_कोंबडी (पशुवैद्यक, कोंबड्याच बघतो जास्त)

स्मिताताई, थोडा फरक आहे. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. दिवस जातात तसं आतलं पाणी त्यातून उडून जातं आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. अंडं बाहेरून तेवढंच, आतून हलकं. म्हणून आधी ते आडवं बसतं, आठवड्या-दोन आठवड्यांनी रुंद टोक वर करून तळाशीच उभं राहतं आणि खूप जुनं झालं की तरंगतं. म्हणजे पाणी तुम्हाला अंड्याचं वय सांगतं. खराब आहे का ते सांगत नाही. ताज्या अंड्याला जंतू लागलेले असू शकतात आणि ते निमूट तळाशी बसलेलं असतं. तरंगलेलं असेल तर वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या. आणि धुवून ठेवलेली अंडी जास्त दिवस ठेवू नका.

वीटवाळूसिमेंट

मी सिव्हिलवाला. मास्तरांनी 'प्रश्न बदला' म्हटलं ते साइटवर रोज दिसतं. लाल वीट तीन किलोची, पाण्यात टाका, बुडते. आताचे ते पांढरट हलके एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या काँक्रीटचे), दोन फूट लांबीचा आठ इंची ब्लॉक चौदा-पंधरा किलोचा भरतो, तो तरंगतो! घनमीटरला साडेपाचशे-साडेसहाशे किलो, पाणी हजार किलो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की रचलेल्या थप्पीतले वरचे ब्लॉक होडीसारखे फिरत असतात. पाणी पीत गेले की हळूहळू खाली बसतात.

पण मला लिहायचंय ते वेगळंच, कारण यात लोकांचं नुकसान होतं. जमिनीखालची पाण्याची टाकीसुद्धा तरंगते. खरंच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्याच्या कामावर टाकीचा तळ आणि भिंती ओतून झाल्या होत्या, स्लॅब बाकी. बाहेरून मोजली तर तीन बाय तीन मीटर, दोन मीटर खोल, म्हणजे १८ घनमीटर. काँक्रीट पंधरा सेंटिमीटर जाडीचं धरलं तर वजन अकरा-सव्वाअकरा टन. बाजूची माती भरायची राहिली होती. रात्री पाऊस झाला, खड्डा काठोकाठ भरला, म्हणजे टाकीला १८ टनांचा जोर खालून, आणि टाकी फक्त सव्वाअकरा टनांची. सकाळी येऊन बघतो तर टाकी एका बाजूने उचललेली, तिरकी, पाइपची तोंडं तुटलेली. मालक माझ्याकडे बघत होते आणि मला बोलायला शब्द नव्हते. साधा उपाय होता, टाकीत आधीच पाणी भरून ठेवायचं. आता मी प्रत्येक साइटवर जूनच्या आधी टाकी भरून घेतो, बागेतल्या पोहायच्या तलावाचंही तेच, पावसाळ्यात रिकामा ठेवायचा नाही.

सानिकाची_आई

बापरे, टाकी तरंगली हे सानिकाला वाचून दाखवलं, तिने लगेच झाकण लावलेला डबा वाळूत पुरून वर पाणी ओतलं. आला वर.

विहिरीतला_पोहणारा

डब्यावरून आठवलं. आमच्याकडं (तासगाव बाजूला) पोहायला विहिरीतच शिकायचं आणि पाठीला काहीतरी बांधूनच शिकायचं. आज्याच्या वेळी वाळलेला कडू भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका असायचा, पांगाऱ्याचं लाकूड अगदी हलकं, वाळलं की कागदागत. आमच्या वेळी पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, तोंड डाग देऊन बंद केलेला, दोरीनं पाठीला घट्ट. वरून चुलत्यानं ढकलायचं, खाली गटांगळी, आणि मग डबा आपल्याला उचलून वर आणतोय हे कळतं तो क्षण मला अजून पाठीत आठवतो, पोटातली भीती निघून जाते एकदम.

एकदा काय झालं, डब्याच्या कोपऱ्याला गंजून भोक पडलेलं, सुईच्या टोकाएवढं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिली दोन चकरा मजेत मारल्या, तिसरीला जरा जड लागायला लागलं, मला वाटलं दमलो असंन. चौथीला पाय खाली खेचल्यासारखे झाले. डबा जवळजवळ पुरा भरला होता आणि आता तो तारायचा बंद झाला होता. चुलत्यानं अंगावरच्या कपड्यानिशी उडी टाकली. तवापासून आमच्यात नियम झाला, डबा बांधायच्या आधी पाण्यात पुरा दाबून धरायचा आणि बुडबुडा येतोय का बघायचा. अजून माझ्या पोरांची ट्यूब पण तशीच तपासतो.

निवृत्त_मास्तर_सातारा

पोहणाऱ्या, तुमच्या चुलत्यांना दंडवत.

गणित असं आहे बघा. माणूस छाती भरून श्वास घेतो तेव्हा जेमतेम तरंगण्याइतका हलका असतो, श्वास सोडला की बरेचजण खाली जातात. खरी अडचण डोक्याची, चार-पाच किलोचं डोकं पाण्याबाहेर ठेवायचं तर तेवढा आधार लागतो. तुमचा डबा सोळा-सतरा लिटरचा, स्वतःचं वजन किलोभर, म्हणजे पंधरा-सोळा किलोचा आधार, गरजेच्या तिप्पट. पण त्यात पाणी भरलं की आधार लिटरमागं किलोनं कमी होत जातो. म्हणून तुम्हाला ते एकदम कळलं नाही, हळूहळू जड होत गेलं.

खाडीकाठची

मी कोळीवाड्यातली. आमच्या जाळ्यात तरंगणारं आणि बुडणारं दोन्ही लागतं. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या, तेव्हा कुठे जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. शिसं कमी झालं तर जाळं वर गोळा होतं, जास्त झालं तर बोये खाली ओढले जातात. पूर्वी बोये हलक्या लाकडाचे, आता प्लास्टिक आणि थर्माकोल.

मासे पण बघा. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, साफ करताना हाताला लागते, पांढरी, फुगीर. ती कमी-जास्त फुगवून ते पाण्यात पाहिजे तिथे थांबतात. मुशीला (शार्कला) ती नसते. मुशीचं काळीज (म्हणजे यकृत) तेलाने भरलेलं असतं, तेल पाण्यापेक्षा हलकं ना. तरी ती सारखी पोहत असते.

आणि एक मनापासून सांगते. जुनी लाकडी होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नसे, काठापर्यंत बुडून राहायची, माणसं तिला धरून रात्र काढायची. माझ्या आजोबांनी काढलीये. आताच्या फायबरच्या होड्या वल्हवायला हलक्या, पण फायबर स्वतः पाण्यापेक्षा दाट, त्यात वर इंजिनाचं लोखंड. आत फोम भरलेले बंद कप्पे नसतील आणि पाणी भरलं तर ती सरळ खाली जाते. फायबरची घेताना कप्पे आहेत का विचारा. लाइफ जॅकेट घाला. हवा शांत असली तरी घाला.

लाटांवरचा (सध्या जहाजावर, नेट आलं म्हणून लिहितोय)

खाडीकाठचीला अनुमोदन, शब्दाशब्दाला.

मिठाच्या पाण्याचा मुद्दा आमच्याकडे लाखो टनांवर चालतो. जहाजाच्या कुशीवर एक गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते, शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा. त्याच्यापुढे माल भरायचा नाही. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराने यासाठी संसदेत भांडण केलं, कारण मालक लोभाने जहाजं इतकी भरायचे की खलाशी बुडायचे, आणि १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला. त्या रेघा वेगवेगळ्या का, तर समुद्राचं पाणी साधारण १.०२५ आणि नदीचं १. गोड्या पाण्यात जहाज जास्त खाली बसतं. दहा मीटर बुडणारं जहाज गोड्या पाण्यात साधारण वीस सेंटिमीटर जास्त बुडेल. म्हणून नदीतल्या बंदरात माल भरताना गोड्या पाण्याच्या रेघेपर्यंत भरता येतो, समुद्रात गेल्यावर जहाज आपोआप वर उचललं जातं. भरायच्या आधी आम्ही बादलीने बंदराचं पाणी वर घेऊन त्यात काचेचं तरंगतं मापक सोडतो आणि घनता वाचतो. म्हणजे सानिका जे करतेय तेच, बादलीसकट.

बर्फाळ_तळं (मिनेसोटा)

इथे हिवाळ्यात तळ्यावर बर्फ इतका जाड होतो की लोक त्यावर गाड्या नेतात, भोक पाडून मासे धरतात. खाली मासे जिवंत असतात कारण बर्फ तरंगतो. बर्फाची घनता ०.९१७, पाण्यापेक्षा कमी, म्हणून दहातला एखादा हिस्साच वर दिसतो. पाणी ४ अंशांना सगळ्यात दाट असतं, ते तळाशी बसतं, गोठणं वरून सुरू होतं. बर्फ बुडणारा असता तर तळी तळापासून भरत गेली असती.

आणि हे पाण्याचं वेगळेपण आहे, सगळे पदार्थ असं वागत नाहीत. आईने पाठवलेलं खोबरेल इथे नेहमी थिजलेलं असतं. बाटली गरम पाण्यात ठेवली की अर्धं पातळ होतं आणि थिजलेला गोळा तळाशी जाऊन बसतो. पाण्यात बर्फ वर, तेलात थिजलेलं खाली. एकाच ओट्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तेव्हा मी बराच वेळ नुसता उभा होतो.

चकली_भाजणी

खोबरेलाचं आमच्याकडे जानेवारीत दिसतं, कधी लक्षच दिलं नव्हतं!

तेल निघालंय तर भजी. पिठाचा थेंब तेलात टाकला आणि तो तळाशी बसून राहिला तर तेल तापलं नाही, लगेच वर आला तर तापलं. पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिचे बुडबुडे थेंबाला फुगवतात आणि वर आणतात. पुरीचंही तेच, टाकली की खाली जाते, मग पोटात वाफ भरली की टम्म होऊन वर. लाटताना पुरीला भोक पडलं तर वाफ निसटते आणि पुरी चपटीच राहते, पोहणाऱ्या दादांच्या डब्यासारखं.

अमोल_प

मग सुई? लोखंडाची सुई पाण्यावर तरंगते, मी स्वतः केलंय, टिश्यूवर ठेवून. तिच्यात कुठली हवा आणि कुठलं पोट? मास्तरांचा नियम इथे मोडतो.

निवृत्त_मास्तर_सातारा

शाब्बास अमोल, वर्गात हा प्रश्न आला की मला फार बरं वाटायचं.

सुई तरंगत नाही, ती पाण्यावर ठेवलेली असते. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो, ताणलेल्या पापुद्र्यासारखा. वाकून उजेडात बघितलंस तर सुईखाली पाणी जरा दबलेलं, खळगा पडलेला दिसेल. डबक्यावर पाय पसरून पळणारे किडे याच ताणावर पळतात. आता भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात कडेला सोड. ताण कमी होतो आणि सुई सरळ तळाशी. वाटीच्या बाबतीत हाच थेंब सोडून बघ, वाटीला काही होत नाही. खरं तरंगणारं आणि नुसतं टेकलेलं असा फरक त्या एका थेंबानं कळतो.

अमोल_प

केलं. सुई गेली, वाटी राहिली. मान्य.

शाडूची_माती

गणपतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी मूर्ती करते. शाडूची मूर्ती पाण्यात गेली की खाली बसते, पाणी पिते आणि मऊ होऊन विरघळते. प्लास्टरची मूर्ती साच्यात पातळ थराने ओतलेली, आतून पोकळ, त्यामुळे मोठ्या मूर्ती पाण्यावर डोलत राहतात, त्या विरघळतही नाहीत. विसर्जनानंतरच्या सकाळी किनाऱ्यावर हात-मुकुट वेगळे झालेल्या मूर्ती परत आलेल्या बघणं फार वाईट असतं, मी बघितलंय, तेव्हापासूनच शाडूवर आले. घरी प्लास्टरची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेला उपाय आहे, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवायची, हळूहळू विरघळते. पण मुळात मातीचीच आणा.

स्मिता_ठाणे

शाडू, तुमच्या मूर्तींचा फोटो टाका ना. (आणि डॉक्टरसाहेब, कालचं एक तरंगलेलं अंडं फोडून बघितलं, वास नव्हता, केक केला.)

पावसचा_बागवाला

धागा कुठल्या कुठे गेला, वाचायला मजा आली, पण आंब्यांचं काय झालं?

सानिकाची_आई

आज बारावा दिवस, म्हणून आलेच सांगायला.

बुडालेले सतरा: सगळे पिकले, घरभर वास. त्यातल्या एकात साका निघाला, बागवाल्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून कुणी हिरमुसलं नाही. तरंगलेले सहा: चार सुरकुतले, साल लोळागोळा झाली पण आतून पिकेनात, सासूबाईंनी सातव्या दिवशीच त्यांचा मेथांबा करून टाकला, चांगला झाला. उरलेले दोन पिकले पण पाणचट, दुधात घालून संपवले.

५ नंबर. तो सानिकाने वेगळ्या डब्यात गवतात ठेवला होता आणि रोज शाळेतून आल्यावर वास घेत होती. तो सगळ्यात शेवटी पिकला, काल. कापल्यावर अगदी केशरी, बाठ्याजवळ जराशी आंबट चव, पण आंबा खरा. तो तिने आजीला दिला, कारण बादली आजीने मागवली होती.

मास्तर, तुमचा प्रश्न तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलाय, 'हिच्याएवढं पाणी हिच्यापेक्षा जड की हलकं'. आता टाकायच्या आधी अंदाज लिहिते, मग टाकते, मग बरोबर-चूक. एकतीसपैकी तेवीस बरोबर आलेत. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले पुढच्या वर्षी पेटी भरायच्या आधी मीच टबात सोडून बघतो.

बादली अजून बाल्कनीतच आहे. आज जांभळं आणलीयेत, त्यांच्यावर पेनने नंबर उमटत नाहीत म्हणून रुसून बसलीये. काही उपाय?

चकली_भाजणी

देठाला रंगीत दोरे बांध म्हणावं!